मोपा असो की दाबोळी, विमानतळावर खायचं काय?

मांडवीकाठ
राहायला पर्वरीला, मुलगी बेंगळुरूला, त्यामुळे मोपा आणि दाबोळी या गोव्यातल्या दोन्ही विमानतळांच्या वाऱ्या चालूच असतात. माझं सरळ म्हणणं असं: ज्या राज्यात रस्त्याच्या कडेला कटलेट-पाव, चोरिस-पाव (चोरिस म्हणजे डुकराच्या मांसाचं गोवेकरी सॉसेज), पोईत (कोंड्याच्या पावात) भरलेली सुकी भाजी असले एकेक नग मिळतात, तिथल्या विमानतळावर माणसाला थंड त्रिकोणी सँडविच का खावं लागतं? प्लॅस्टिकची डबी, आत पांढरा ब्रेड, मेयोनीज आणि काकडीच्या तीन चकत्या. हीच डबी दिल्लीत, हीच हैदराबादेत. पैसे मात्र असे की घरच्या चौघांचा नाश्ता त्यात व्हावा.

दोन प्रश्न आहेत. मोपा किंवा दाबोळीला तुम्हाला धड खायला काही सापडलंय का? आणि नसेल तर तुम्ही काय करता? घरून नेता, वाटेत खाता, की उपाशी उडता? बाहेरच्या विमानतळांचे अनुभवही लिहा.

कोकमसरबत
मी झोपतो. झोप अजून फुकट आहे.

काणकोणचो_भुरगो
पर्वरीकर, तुम्ही सुखी आहात. काणकोण गोव्याच्या दक्षिण टोकाला आणि मोपा उत्तर टोकाला. मडगाव, झुआरी पूल, पणजी, म्हापसा असं सगळं ओलांडून जायचं. नवीन झुआरी पूल झाल्यापासून कुठ्ठाळीला तासन् तास अडकणं तरी गेलं, तरी पर्वरीच्या वाहतुकीत किती वेळ जाईल ते देव जाणे. म्हणून आम्ही फार आधी निघतो. मग होतं काय, एक तर रस्ता मोकळा मिळतो आणि आम्ही टर्मिनलमध्ये बसून राहतो, किंवा धावतपळत पोचतो आणि खायला वेळच उरत नाही. विमान दुपारी दीडचं असलं की जेवणाचे पार बारा वाजतात. तेव्हा आम्हाला सँडविच नको, जेवण हवं. शीत, कडी, नुस्त्याची एक तुकडी, म्हणजे भात, आमटी आणि मासा. हे मागणं जास्त आहे का?

नास्तिक_बोका
थोडं उलटं बोलतो. विमानतळ ही खाण्याची जागा नाही. बस स्टँडवर आपण चवीने खातो का? वडापाव घशाखाली ढकलतो आणि गाडी पकडतो. दीड तासाच्या प्रवासासाठी एवढी चर्चा! घरी जेवा, निघा, पोचल्यावर जेवा. दोन जेवणांच्या मध्ये चार तास काही खाल्लं नाही म्हणून कोणी मेल्याचं ऐकलं नाही.

उसगावची_सून
बोकोबा, तुमच्याबरोबर पाच वर्षांचं पोर आणि मधुमेहाचे सासरे पाठवते एकदा. मग बोलू.

नास्तिक_बोका
शरण.

पोदेराची_नात
मांडवीकाठ यांच्या थंड त्रिकोणाबद्दल. आमच्या घरात तीन पिढ्या पावाची भट्टी होती (पोदेर म्हणजे पाववाला), म्हणून जरा अधिकाराने लिहिते.

ते सँडविच वाईट लागतं ते बनवणाऱ्याच्या हातामुळे नाही, ते थंडीमुळे. ब्रेड फ्रिजच्या थंडाव्यात ठेवला की बाहेरच्यापेक्षा लवकर शिळा होतो. त्यातला स्टार्च पुन्हा घट्ट होतो, म्हणून तो कोरडा आणि भुसभुशीत लागतो. वर काकडी आणि टोमॅटो पाणी सोडतात. म्हणजे कडा वाळलेल्या आणि मधला भाग ओल्या पायपुसण्यासारखा. पण मेयोनीज आणि चिकन आत असलं की थंड ठेवण्यावाचून गत्यंतर नाही, नाहीतर लोक आजारी पडतील. तेव्हा काउंटरवर गरम करून देत असतील तरच घ्या, आणि त्यातही काकडी-टोमॅटो नसलेलं निवडा. चीज आणि मशरूम, किंवा पनीर वगैरे. गरम केल्यावर ब्रेड जरा मऊ होतो, पण पाचेक मिनिटांत खाऊन टाका, नंतर तो चामड्याचा होतो.

घरून न्यायचं असेल तर:

पोई घ्या, साधा पाव नको. पोईला वरून कोंडा असतो, आत पोकळ पिशवी असते. भाजी त्यात भरली की सांडत नाही आणि पोई रसही पटकन शोषत नाही. सकाळची पोई दुपारपर्यंत उत्तम राहते, संध्याकाळी चिवट होते. उंडो, म्हणजे गोल कडक पावही चालेल, त्याची कडक साल आतला माल सांभाळते.

आत काय भरायचं? चोरिस सगळ्यात भरवशाचं. मीठ, सुकी मिरची, लसूण आणि व्हिनेगर यांच्या जोरावर टिकणारी वस्तू आहे ती, चार तासांत तिला काही होत नाही. मात्र कांदा घालून अगदी कोरडं होईपर्यंत परतायचं आणि सुटलेली चरबी निथळून टाकायची, नाहीतर बॅगेला कायमचा लाल डाग. कटलेट दुसऱ्या नंबरावर, रवा लावून तळलेले आणि पूर्ण गार करून भरलेले. गरम भरलात तर वाफेने पोई ओली होते. ओल्या नारळाची चटणी नको, आपल्या हवेत ती विटायला वेळ लागत नाही. रॉस ऑम्लेट (मसालेदार रस्सा ओतलेलं ऑम्लेट) न्यायचा विचारही करू नका.

कोकमसरबत
रॉस ऑम्लेट हातातल्या बॅगेत. सुरक्षा तपासणीवाला विचारणार, "हे घन का द्रव?" आपण म्हणणार, "पात्रांव, अर्धं अर्धं."

भटकभवानी
हसून हसून पुरेवाट!!

मांडवीकाठ
पोदेराची_नात, हे जपून ठेवतो. पण शाकाहारी मंडळींनी काय करायचं?

उसगावची_सून
आमच्याकडे सोमवार, गुरुवार, एकादशी आणि श्रावण असा बेत आहे, म्हणजे वर्षाचे अर्धे दिवस मीच उत्तर देऊ शकते. बटाट्याची सुकी भाजी हिंग-मोहरीची फोडणी देऊन, पोईत. टोनक (कडधान्याचा रस्सा) आणि पातळ भाजी घरीच. बन्स मात्र उत्तम. केळं घातलेले असल्यामुळे ते दुसऱ्या दिवशीही मऊ असतात, कशाबरोबर खावे लागत नाहीत, हात खराब होत नाहीत आणि पोरं आवडीने खातात. उपास असेल तर शेंगदाण्याचा लाडू, केळी आणि पाण्याची रिकामी बाटली. बाटली आत गेल्यावर भरून घ्यायची.

सासऱ्यांसाठी नाचणीची भाकरी आणि सुकी चटणी असते. त्यांना टर्मिनलमधला मऊ ब्रेड आणि गोड चहा हे दोन्ही वर्ज्य. डॉक्टरांनी वेळेवर खायला सांगितलंय आणि विमान मात्र आपल्या वेळेवर सुटतं, म्हणजे कधीही.

टर्मिनलवाला
मी काही वर्षं एका विमानतळावरच्या खाद्यपदार्थांच्या कंपनीत होतो. गोव्यात की बाहेर ते सांगत नाही, कंपनीचंही नाव नाही. सगळेच महाग का आणि सगळीकडे तेच ते का, याची कारणं लिहितो.

जागेचं भाडं साध्या दुकानासारखं नसतं. सहसा करारात दोन आकडे असतात: एक किमान हमी रक्कम आणि दुसरा विक्रीतला वाटा. दोन्हींत जे जास्त होईल ते द्यायचं. पावसाळ्यात प्रवासी रोडावले तरी किमान रक्कम सुटत नाही. ती सगळी तुमच्या चहाच्या कपात येऊन बसते.

दुसरं, माल आणणं. पावापासून मिठाच्या पुडीपर्यंत प्रत्येक वस्तू तपासणीतून आत जाते. आत काम करणाऱ्या प्रत्येकाची पोलीस पडताळणी होऊन पास निघावा लागतो. एखादा पोऱ्या सोडून गेला की दुसऱ्या दिवशी गल्लीतला दुसरा आणून उभा करता येत नाही. विमानं पहाटेपासून मध्यरात्रीपर्यंत, म्हणजे पाळ्याही तितक्या.

तिसरं, आणि मांडवीकाठ यांच्या प्रश्नाचं खरं उत्तर हे आहे: टर्मिनलमधल्या बहुतेक काउंटरांना स्वतःचं पूर्ण स्वयंपाकघर नसतं. माल बाहेरच्या मोठ्या किचनमध्ये तयार होतो, आत फक्त गरम करणं आणि जुळवणं. त्यामुळे जे टिकतं, ज्याचं वजन ठरलेलं आहे, जे कोणीही नवीन मुलगा दोन मिनिटांत देऊ शकतो तेच मेनूवर राहतं. पणजीत रॉस ऑम्लेटच्या गाड्यावरचा माणूस शागुतीचा रस स्वतः करतो, त्याची चव त्याच्या हातात असते. तो माणूस या व्यवस्थेत बसतच नाही. तो संध्याकाळी गाडा लावणार, रात्री उचलणार. त्याला किमान हमी रक्कम कोण समजावणार?

नुस्तेकार
हे पटलं, पण अर्धंच. चोरिस-पाव टिकतो, वजन ठरवता येतं, गरम करायला दोन मिनिटं पुरतात. पोदेराची_नात यांनी वर तेच लिहिलंय. मग तो मेनूवर का नाही? कारण मेनू ठरवणारा माणूस गोव्याचा नाही, एवढंच. त्याच्या लेखी गोवा म्हणजे समुद्र आणि बिअर.

टर्मिनलवाला
नुस्तेकार, डुकराचं मांस म्हटलं की साठवण वेगळी, भांडी वेगळी, तवा वेगळा. एकाच लहान काउंटरवर शाकाहारी ग्राहकही उभे असतात. तोटा नको म्हणून कंपनी तो विषयच टाळते. मी समर्थन करत नाही, बैठकीत काय बोललं जातं ते सांगतोय.

नुस्तेकार
मग कटलेट द्या. भाजी-पाव द्या. त्याला कोणाची हरकत? पणजीत कॅफे तातो, कॅफे भोसले इथे सकाळी भाजी-पावाला बसायला जागा मिळत नाही, त्यात पर्यटकही असतात. म्हणजे "पर्यटकाला पास्ताच लागतो" हे काही खरं नाही.

भटकभवानी
नुस्तेकार +१. पण एक सांगू? मला पहाटे चार वाजता भाजी-पाव नको असतो. मला कॉफी हवी असते आणि कोणी माझ्याशी बोलू नये असं वाटतं. ते दोन्ही टर्मिनलमध्ये मिळतं.

बाहेरचे अनुभव विचारलेत म्हणून: बेंगळुरूला फिल्टर कॉफी आणि इडली-वडा टर्मिनलमध्येही खाण्याजोगा मिळतो, कारण तिथे रोज खाणारे लोक तेच खातात. शिळं असेल तर लगेच कळतं त्यांना. सिंगापूरच्या चांगी विमानतळावर टर्मिनल १ मध्ये कर्मचाऱ्यांचं कँटीन आहे, ते प्रवाशांनाही खुलं असतं. भात, रस्सा, भाजी, आणि दर झगमगत्या दुकानांपेक्षा कितीतरी कमी. तेव्हापासून कुठेही गेले की आधी बघते, गणवेशातले लोक कुठे जेवतायत. ते रोज त्याच इमारतीत असतात, त्यांना फसवता येत नाही.

डिचोलकर
कलकत्त्याचं कोणी लिहिलं नाही. तिथे डिसेंबर २०२४ मध्ये विमानतळ प्राधिकरणाने "उडान यात्री कॅफे" सुरू केला. चहा १० रुपये, पाणी १० रुपये, समोसा २०, कॉफी २०. त्याआधी राघव चढ्ढांनी राज्यसभेत विमानतळावरच्या महागाईचा विषय काढला होता. पुढे चेन्नईतही तसाच कॅफे झाला. म्हणजे मनात आणलं तर होतं. दाबोळी प्राधिकरणाकडे आहे, मोपा खाजगी कंपनीकडे, तेव्हा मागणी करायची तर दोन वेगळी दारं ठोठवावी लागतील.

कायद्याचं_बोला
महागाईचा विषय निघालाच आहे तर दोन कामाच्या गोष्टी.

एक: बंद पाकिटावर किंवा बाटलीवर छापील किंमत असते. विमानतळासाठी वेगळी आणि बाजारासाठी वेगळी, अशा दोन छापील किमती एकाच वस्तूवर ठेवायला १ जानेवारी २०१८ पासून मनाई आहे. दुकानाच्या काउंटरवरून पाण्याची बाटली घेतली तर छापील किमतीपेक्षा जास्त मागता येत नाही. मात्र उपाहारगृहात बसून मागवलीत तर गोष्ट वेगळी, तिथे सेवेचे पैसे धरून जास्त आकारता येतात असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये म्हटलंय. तेव्हा बाटली दुकानातून घ्या, टेबलावर मागवू नका.

दोन: विमानाला उशीर झाला तर खाणं देण्याची जबाबदारी विमान कंपनीची आहे. अडीच तासांपर्यंतचा प्रवास असेल, म्हणजे गोव्याहून मुंबई, बेंगळुरू, हैदराबाद वगैरे, तर दोन तासांहून जास्त उशिराला अल्पोपाहार मिळायला हवा. अडीच ते पाच तासांच्या प्रवासाला तीन तासांचा उशीर धरतात. वेळेवर चेक-इन केलेलं असावं लागतं. गेटवर जाऊन शांतपणे विचारायचं. बरेचदा कुपन हातात पडतं, पण न मागता कोणी देत नाही.

काणकोणचो_भुरगो
कुपनावर काय मिळतं?

कायद्याचं_बोला
थंड त्रिकोणी सँडविच.

मांडवीकाठ
हाहाहा! फिरून भोपळे चौकात.

आखातातला_आजी
आजी म्हणजे आजोबा नव्हे आणि आजीबाई पण नव्हे, सध्याचा. कुवेतला असतो. आमचा प्रश्न उलटा: विमानतळावर काय खायचं ते नाही, काय न्यायचं नाही ते. चोरिस कुवेतला चालत नाही, डुकराच्या मांसावर तिथे बंदी. फेणीचं तर नावच घेऊ नका. दरवेळी आई बॅगेत हळूच काहीतरी सरकवायला बघते आणि मी तेवढ्याच हळूच बाहेर काढतो. माझा चुलतभाऊ स्विंडनला. ब्रिटनमध्येही भारतातून मांस आणि दुधाचे पदार्थ स्वतःसाठीसुद्धा नेता येत नाहीत, म्हणून तोही रिकाम्या हाताने जातो. मग आम्ही दोघं काय करतो, तर निघायच्या आधी म्हापशाला जाऊन पोटभर चोरिस-पाव खातो. पोटात घालून नेलेल्याला अजून तरी कस्टम लागत नाही.

डिचोलकर
देशांतर्गत विमानात न्यायचं असेल तर चोरिसाची माळ सामानात टाका, पण दोन-तीन पिशव्यांत घट्ट बांधून. बॅगेतले शेजारचे कपडे नंतर आठवडाभर जेवायला बोलावतात.

सावंतवाडीकर
धाग्यावर सिंधुदुर्गाचा कोणी दिसला नाही म्हणून हजेरी लावतो. मोपा पेडण्यात असला तरी आम्हाला तो घरचाच, पत्रादेवीची हद्द ओलांडली की आलंच. आम्ही बांद्यात खाऊन निघतो. उसळ-पाव, नाहीतर दुपार असेल तर माशाची थाळी आणि सोलकढी. पणजीकडून येणाऱ्यांनी म्हापशात खावं, पुढे कोलवाळ, धारगळ करत लिंक रोडला लागलं की खाण्यासाठी थांबायला मन धजत नाही, सगळ्यांना विमानाची घाई. दाबोळीला जाणाऱ्यांना वास्को जवळ आहे, तिथल्या अनंताश्रमात दुपारची थाळी जेवून मग चिखलीकडे वळावं. विमानतळ हा जेवणानंतरचा भाग आहे, जेवणाचा नाही.

नास्तिक_बोका
हेच मी पहिल्या पानावर म्हटलं तेव्हा माझ्यावर पोर आणि सासरे सोडले होते.

उसगावची_सून
सावंतवाडीकरांनी सोलकढीसकट सांगितलं. तुम्ही उपाशी राहायला सांगत होता.

भटकभवानी
अवांतर: लोणचं हातातल्या बॅगेत अडवतात का? आईने मिस्कूट दिलंय.

डिचोलकर
तेल सुटलेलं असेल तर अडवण्याचीच शक्यता जास्त. चेक-इन सामानात टाका, झाकणाखाली प्लॅस्टिक लावून. खोबऱ्याच्या वाट्या मात्र नकोच, तेलामुळे पेट घेऊ शकतात म्हणून विमानात चालत नाहीत. फेणी सामानात माणशी पाच लिटरपर्यंत, पण दुकानाच्या सीलबंद बाटलीत. मामाने पाण्याच्या बाटलीत भरून दिलेली चालत नाही.

कोकमसरबत
मामाला कळवतो. तो दुखावेल.

लाउंजप्रेमी
कोणी लाउंजबद्दल लिहिलं नाही म्हणून आश्चर्य वाटलं. क्रेडिट कार्डावर दोन रुपयांत प्रवेश, आत गरम जेवण. दोन रुपयांत डाळ, भात, भाजी, रोटी आणि एक गोड कुठे मिळतं?

टर्मिनलवाला
आता बहुतेक बँकांनी आधी अमुक इतका खर्च करा, मग प्रवेश, अशी अट घातलीय. शिवाय सुट्ट्यांमध्ये लाउंजच्या दाराशी जी रांग लागते ती बघून बाहेरचं सँडविच गोड वाटतं. पण रांग नसेल तर जरूर जा. डाळ-भात घ्या, पास्त्याच्या वाटेला जाऊ नका. मोठ्या भांड्यात ठेवलेला पास्ता तासाभराने लगदा होतो, डाळ तासाभराने सुधारते.

पोदेराची_नात
विमानात बसल्यावर खाणार असाल तर आणखी एक. वर केबिनमधला हवेचा दाब कमी असतो, हवा फार कोरडी असते, त्यामुळे मीठ आणि गोड दोन्ही कमी लागतं. आंबट-तिखट त्या मानाने तग धरतं. म्हणून चोरिस आणि कटलेटमधली हिरवी मिरची वर चांगली लागते, आणि साधं चीज सँडविच पुठ्ठ्याचं लागतं. फक्त वासाचं भान ठेवा. शेजारी कोण बसलंय ते बघून पोई उघडा.

नुस्तेकार
शेजाऱ्यासाठी एक जास्तीची न्यायची. तक्रार करत नाही कोणी मग.

रिकामटेकडा_राय
मूळ प्रश्नाचं पहिलं अंग राहिलंच. टर्मिनलमध्ये धड काही सापडलं का? मला सापडलेलं: साधा डोसा, तव्यावरून थेट ताटात येत असेल तर. अंडा भुर्जी समोर करून देत असतील तर. उपमा, गर्दीच्या वेळी, कारण तेव्हा तो पडून राहत नाही. नियम एवढाच की समोर आग किंवा वाफ दिसली पाहिजे. गोव्यातल्या दोनपैकी एका विमानतळावर मला असा एक काउंटर मिळाला होता, पुढच्या खेपेला तिथे चॉकलेटचं दुकान होतं.

मांडवीकाठ
सगळ्यांना देव बरें करूं. माझं येत्या शनिवारी सकाळी सव्वासातचं विमान आहे, मोपाहून. म्हणजे घरातून साडेचारच्या आत निघायला हवं. वाटेतलं सगळं बंद, पोदेर यायच्या आधीच मी घराबाहेर. आदल्या संध्याकाळची पोई चालेल का?

पोदेराची_नात
चालेल. संध्याकाळी पोदेर आला की घ्या, गार झाल्यावर कापडात गुंडाळून डब्यात ठेवा, फ्रिजमध्ये अजिबात नको. पहाटे कोरड्या तव्यावर दोन्ही बाजूंनी शेका, गार होऊ द्या, मग भरा. कटलेट रात्री तळून फ्रिजमध्ये ठेवा आणि पहाटे पुन्हा चांगले गरम करून गार करा.

उसगावची_सून
शनिवार आहे हो, काका. घरात चालतं ना?

मांडवीकाठ
आमच्या घरी शनिवारी चालत नाही. पण सकाळी सातला मी घरी नसेन.

कोकमसरबत
रात्री तळणार कोण, ते आधी काकूंना विचारा.